शेहेचाळीस किलोमीटरांचे आकाश

जयपूरला बदली झालेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्याभरातच एक सुखद धक्का बसतो. जोहरी बाजाराच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून हिंडताना अचानक माणदेशी वळणाची मराठी कानी पडते. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त भागांतून निघालेले गलाई कारागीर सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाचा आपला व्यवसाय घेऊन भारतभर पसरले, तसे ते या गुलाबी नगरीतही स्थिरावले आहेत. मी आपल्या बँकेच्या जयपूर येथील एका शाखेत असताना असेच एक गलाई व्यावसायिक आमचे जुने ग्राहक होते. अबोल, हिशेबाला चोख, आणि कोणताही कागद सही करण्यापूर्वी दोनदा वाचणारे गृहस्थ.

एके दिवशी ते माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, “साहेब, मोठी मुदत ठेव मोडायची आहे.” बारा वर्षे थोडी थोडी वाढवत नेलेली ती ठेव होती. कारण विचारले, तेव्हा त्यांनी खिशातून एक गुळगुळीत रंगीत पत्रक काढून मेजावर ठेवले. परदेशी प्रशिक्षणाची दलाली करणाऱ्या एका कार्यालयाचे ते पत्रक होते. बारावी झालेल्या त्यांच्या थोरल्या मुलीला वैमानिक व्हायचे होते. पत्रकात म्हटले होते की, ऑस्ट्रेलियात अवघ्या पंचवीस तासांच्या उड्डाणात ‘मर्यादित खासगी परवाना’ मिळतो. पत्रकात नसलेली पण तोंडी सांगितली गेलेली गोष्ट अशी, की तो घेऊन परत आले की जयपूरच्या आसपास पर्यटकांना विमानातून किल्ले दाखवून चार पैसे मिळवता येतात आणि त्यातून पुढचे मोठे शिक्षण भागते.

“सोनं असेल तर मी दगडावर घासून सांगतो किती कसाचं ते,” गृहस्थ म्हणाले. “हा कागद घासायचा कुठं?”

ठेव मुदतीपूर्वी मोडणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तरीही त्यांना मी आठ दिवस थांबण्याची विनंती केली आणि मुलीला घेऊन रविवारी घरी येण्यास सांगितले. विमानविद्येचा मी जाणकार नव्हे. परंतु नियम वाचणे हा बँकेतल्या माणसाचा अर्धा जन्म असतो, आणि विमानाचे नियमही शेवटी नियमच.

रविवारी ती आली ती वही, कंपासपेटी आणि राजस्थानचा नकाशा घेऊनच. पत्रकातील परवान्याने नेमके कुठवर उडता येते, हाच पहिला प्रश्न होता. ऑस्ट्रेलियात 2014 च्या सप्टेंबरपासून ‘रिक्रिएशनल पायलट लायसन्स’ या नावाचा परवाना दिला जातो. त्यापूर्वी तेथे शिकाऊ वैमानिकाला एक मधली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर सरावाच्या ठरावीक क्षेत्रात प्रवासी घेऊन उडण्याची मुभा असे. तिलाच लोक मर्यादित खासगी परवाना म्हणत. नव्या परवान्यानेही मूळ मर्यादा फारशी बदललेली नाही. ज्या विमानतळावरून उडालात, तेथून 25 सागरी मैलांच्या आत राहायचे, किंवा सरावाच्या क्षेत्रात. त्यापलीकडे जायचे तर दिशाशोधनाचे वेगळे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. विमानाचे वजनही दीड हजार किलोपेक्षा अधिक चालत नाही.

25 सागरी मैल म्हणजे सुमारे 46 किलोमीटर. मुलीने सांगानेरच्या विमानतळावर कंपासचे टोक रोवले आणि वर्तुळ काढले. आत आमेर आले, उत्तरेचे चोमू आले, पश्चिमेचे बगरू आणि दक्षिणेचे चाकसू आले. वर्तुळाच्या रेषेवरच, जेमतेम आत की जेमतेम बाहेर हे पेन्सिलीच्या जाडीवर ठरावे अशा जागी, बनस्थली सापडले. मुलींसाठी 1935 मध्ये स्थापन झालेले तेथील विद्यापीठ विमानोड्डाण शिकवण्यासाठीही प्रसिद्ध आहे, हा योगायोग तिच्या लगेच ध्यानात आला.

“काका, सांभर सरोवर बाहेरच राहिलं की!” ती काहीशा निराशेने म्हणाली.

सांभर साधारण 60 किलोमीटरांवर. अमेरिकेत 1989 पासून असलेला अशाच प्रकारचा परवाना 50 सागरी मैलांची, म्हणजे जवळजवळ 93 किलोमीटरांची मुभा देतो. विमान चारापेक्षा अधिक आसनांचे नको, इंजिन 180 अश्वशक्तीहून मोठे नको आणि सोबत प्रवासी एकच. ते वर्तुळ काढले, तेव्हा सांभर, टोंक, दौसा सारे आत आले. किशनगढचा विमानतळ मात्र सुमारे दहा किलोमीटरांनी हुकला आणि अजमेर तर बरेच दूर राहिले. गृहस्थ इतका वेळ चहाचा कप हातात धरून नकाशाकडे पाहत होते. ते म्हणाले, “म्हणजे अंगणाचं कुंपण मोठं झालं, एवढंच.”

उपमा चपखल होती. पण खरी अडचण कुंपणाच्या आकाराची नव्हतीच. हे परवाने त्या त्या देशाने आपल्या हौशी नागरिकांसाठी, आपल्याच आकाशापुरते निर्माण केलेले आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने खासगी वैमानिकासाठी जी किमान पात्रता ठरवली आहे, तिच्यापेक्षा ते कमी शिक्षणात मिळतात. म्हणूनच ते स्वस्त असतात आणि म्हणूनच देशाच्या सीमेबाहेर त्यांना किंमत नसते. ऑस्ट्रेलियात मिळालेला असा परवाना घेऊन जयपूरला उतरलेल्या मुलीला सांगानेरच्या आकाशात शेहेचाळीस किलोमीटर तर सोडाच, शेहेचाळीस फूटही वैमानिक म्हणून जाता आले नसते. आम्ही काढलेली दोन्ही वर्तुळे आम्हालाच पुसावी लागली.

मग भारतात काय आहे? भारतीय नियमांत असा वर्तुळाचा परवाना नाही. 1934 च्या विमान कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतली असून तो 1 जानेवारी 2025 पासून अमलात आला आहे. 1937 च्या नियमावलीने घालून दिलेली परवान्यांची उतरंड मात्र परिचित आहे: शिकाऊ, खासगी, व्यावसायिक आणि मग विमान कंपन्यांच्या कप्तानांचा. गंमत अशी, की ‘रिस्ट्रिक्टेड’ हा शब्द आपल्या नियमांतही आढळतो. परंतु तो विमान चालवण्याच्या परवान्यापुढे नव्हे, विमानातील रेडिओ-दूरध्वनी वापरण्याच्या परवान्यापुढे. हा शब्द इकडून तिकडे सरकवला, की अनभिज्ञ पालकाला काय वाटेल हे सांगायला नको.

आपल्याकडे खरा मर्यादित परवाना म्हणावा तर शिकाऊ वैमानिकाचा. वयाची सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर तो मिळू शकतो. त्यावर नकाशातील अंतर लिहिलेले नसते. त्याऐवजी एक माणूस असतो. शिकाऊ वैमानिकाने प्रत्येक वेळी प्रशिक्षकाच्या अधिकाराखाली आणि देखरेखीखालीच उडायचे, भारताच्या हद्दीतच उडायचे, दृश्य परिस्थितीतच उडायचे, आणि प्रवासी, प्राणी वा माल यांपैकी काहीही सोबत न्यायचे नाही. दूरच्या उड्डाणासाठी किमान दहा तासांचे एकट्याचे उड्डाण हवे आणि हवाई नियम, दिशाशोधन, हवामान अशा विषयांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या हव्यात. आज हवा कशी आहे, ही मुलगी काल कशी उतरली, तिचा चेहरा आज कसा दिसतो आहे, हे सारे पाहून प्रशिक्षक तिचे वर्तुळ आखतो. ते कधी धावपट्टीभोवतीच्या एका फेरीएवढे असते, तर कधी शंभर-दोनशे किलोमीटरांचे. दलालाच्या पत्रकात बसण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

खासगी परवाना ही पुढची पायरी. वय किमान सतरा, शिक्षण किमान दहावी, द्वितीय श्रेणीची वैद्यकीय तपासणी आणि किमान चाळीस तासांचे उड्डाण. त्यांपैकी वीस तास एकट्याने, आणि त्यात किमान पाच तास दूर पल्ल्याचे. त्यातही एक प्रवास किमान 150 सागरी मैलांचा, म्हणजे 278 किलोमीटरांचा, आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबलेला. मुलीने लगेच नकाशावर जयपूर, किशनगढ, बनस्थली आणि परत जयपूर असा त्रिकोण जोडला. बेरीज 255 च्या आसपास आली. “वीस-बावीस किलोमीटर कमी पडतात,” असे म्हणून तिने खोडरबर उचलला. त्या क्षणी मला वाटले, ही पोर बहुधा वैमानिक होईल. उत्तर जवळपास आले म्हणून ते बरोबर आहे असे मानण्याची तिची तयारी नव्हती.

हा परवाना मिळाल्यावर मात्र कुंपण मोडते. त्या परवान्यावर नोंदलेल्या प्रकारचे विमान घेऊन, नियमांच्या अधीन राहून, जयपूरहून जळगावला जा, नागपूरला जा, कोणी आडवत नाही. आप्तेष्टांना सोबत नेता येते. रात्री उडण्यासाठी वेगळी नोंद लागते, आणि ढगांतून केवळ उपकरणांच्या आधारे जाण्यासाठी आणखी वेगळी. पण एक कुंपण अखेरपर्यंत राहते आणि ते आमच्या गृहस्थांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होते. खासगी परवानाधारकाला उड्डाणाचा मोबदला घेता येत नाही. एक रुपयाही नाही. पर्यटकांना आमेरचा किल्ला दाखवून पैसे घेणे दूरच, भाडे घेऊन आंब्याची एक पेटी पोहोचवणेही नियमबाह्य. त्यासाठी व्यावसायिक परवाना हवा, दोनशे तासांचे उड्डाण हवे, आणि प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी हवी.

“म्हणजे हे आकाश हौसेचं,” गृहस्थ शांतपणे म्हणाले. त्यांनी पत्रकाची घडी घातली आणि खिशात ठेवली. ते रागावले असते तर मला अधिक बरे वाटले असते.

परवाना हातात असला तरी आकाश मोकळे असतेच असे नाही, हेही त्या दुपारी आम्ही पाहिले. जयपूर हा मोठ्या वर्दळीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. त्याच्या भोवतीच्या हवाई क्षेत्रात लहान विमानाला नियंत्रण कक्षाच्या परवानगीवाचून हलता येत नाही. हवाई दलाकडून संरक्षणविषयक मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो. पश्चिमेकडे नजर टाकली की जोधपूर, जैसलमेर, उत्तरलाई, बिकानेरजवळचे नाल, सुरतगढ अशी हवाई दलाची ठाणी दिसतात. पोखरणचे आणि चांदणचे सरावक्षेत्र दिसते. दिल्लीत राष्ट्रपती भवनावरून उडता येत नाही. मुंबईत मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दखम्यावरूनही उडता येत नाही. तेथे कारण सुरक्षेचे नसून मृतांच्या सन्मानाचे आहे, आणि तरीही ते वैमानिकांच्या नकाशावर तितक्याच ठळकपणे छापलेले असते, हे मला विशेष वाटले.

मे 2025 मध्ये याचा प्रत्यय साऱ्या देशाने घेतला. ‘ऑपरेशन सिंदूर’नंतरच्या दिवसांत उत्तर आणि पश्चिम भारतातील 32 विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद करण्यात आले. त्यांत जोधपूर, जैसलमेर, बिकानेर तर होतेच, पण आमच्या नकाशावरचे किशनगढही होते. 12 मे रोजी ते पुन्हा खुले झाले. त्या काही दिवसांत कोणाचाही परवाना रद्द झालेला नव्हता. ‘नोटॅम’ नावाची एक सूचना निघाली आणि आकाश मिटले. म्हणून वैमानिक रोज उड्डाणापूर्वी या सूचना वाचतो. आपण शाखेत सकाळी मुख्यालयाची परिपत्रके वाचतो (किंवा वाचल्याची सही करतो), तशी येथे निव्वळ सही करून भागत नाही.

आणि सूर्य! दृश्य नियमांनी उडणाऱ्याला सामान्यतः दिवसाउजेडीच उडायचे असते. दहा हजार फुटांच्या खाली किमान पाच किलोमीटरपर्यंत दिसले पाहिजे, ढगांपासून आडवे दीड किलोमीटर आणि उभे हजार फूट अंतर राखले पाहिजे. जयपुरात डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात किंवा मे महिन्यातल्या आँधीत ही अट सहज मोडते. सवाई जयसिंहांच्या जंतरमंतरमधले सम्राट यंत्र, 27 मीटर उंचीचे ते प्रचंड सूर्यघड्याळ, मुलीने शाळेच्या सहलीत पाहिले होते. तेथल्या मार्गदर्शकाने सांगितलेले तिला आठवत होते, की जयपूरचा सूर्य आपल्या मनगटावरच्या घड्याळाच्या सुमारे 27 मिनिटे मागे असतो, कारण घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे आणि जयपूर पावणेशहात्तरच्या जवळचे. वैमानिकांच्या नोंदी तर आणखी तिसऱ्याच, ग्रीनिचच्या वेळेत, घड्याळाच्या साडेपाच तास मागे. एवढ्या हिशेबांतून शेवटी मावळता सूर्य कोणाची वाट पाहत नाही, हा भाग वेगळा.

संक्रांतीला जयपूरचे आकाश पतंगांनी कसे भरून जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. त्या दिवशी गच्च्यांवरची ती गर्दी पाहताना मला नेहमी वाटते, दोऱ्याच्या लांबीइतका परवाना घेऊन उडणारी ही मंडळी किती सुखी आहेत.

जुन्या काळी परवान्यांची विभागणी सुटसुटीत होती. ‘ए’ म्हणजे खासगी, ‘बी’ म्हणजे व्यावसायिक. जे. आर. डी. टाटा यांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतात दिलेला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्याहून कमी ठाऊक असलेली कथा सरला ठकराल यांची. 1936 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, साडी नेसून त्यांनी जिप्सी मॉथ हे दोन पंखांचे विमान एकटीने उडवले आणि ‘ए’ परवाना मिळवला. तेव्हा त्या एका मुलीच्या आई होत्या. लाहोरच्या फ्लाइंग क्लबच्या विमानातून त्यांनी हजार तास पुरे केले. पण ‘बी’ परवान्यावाचून हे सारे हौसेच्याच खात्यात जमा होते. पती वैमानिक होते. 1939 मध्ये ते विमान अपघातात गेले. सरलाबाई व्यावसायिक परवान्याच्या शिक्षणासाठी जोधपूरला गेल्या, तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नागरी प्रशिक्षण थांबले. त्या लाहोरला परतल्या, चित्रकला शिकल्या, फाळणीनंतर दिल्लीत येऊन कापडांवरील नक्षी व दागिन्यांच्या व्यवसायात नाव मिळवले. 2008 मध्ये त्यांचे निधन झाले. दोन परवान्यांमधले अंतर त्यांच्या वाट्याला आलेच नाही, आणि त्यात त्यांचा कसलाही दोष नव्हता.

ही हकिकत मी सांगितली, तेव्हा मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग वडिलांकडे वळून म्हणाली, “बाबा, आधी डोळे तपासून घेऊ. मोठ्या परवान्याला चालतील असे असले तरच पुढचं.”

ही सूचना तिची स्वतःची होती, आणि आजही या वाटेने जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला मी हीच सांगतो. वैद्यकीय तपासणीचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने नगण्य असतो. पैसे भरल्यावर रंगांधळेपणा निघाला, असे व्हायला नको. दुसरी गोष्ट कर्जाची. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, भारतात घ्यावयाच्या, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या वैमानिक प्रशिक्षणाचा समावेश आहे. हौसेच्या उड्डाणासाठी मात्र स्वतःचीच पुंजी लागते. संस्था मान्यताप्राप्त आहे का, हे महासंचालनालयाच्या यादीत पाहावे, पत्रकात नव्हे. महाराष्ट्रातच धुळे, बारामती, गोंदिया येथे वैमानिक घडलेले आहेत. 2021 पासून विमानतळ प्राधिकरणाने जळगाव आणि बेळगाव येथेही प्रशिक्षण संस्थांना जागा दिल्या, आणि पुढच्या फेरीत किशनगढचाही समावेश झाला.

ठेव मोडली गेली नाही. तिच्यावर कर्जही काढावे लागले नाही. तपासणीत डोळे उत्तम निघाले, आणि मुलीने महाराष्ट्रातील एका मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेतला. शैक्षणिक कर्जाची कागदपत्रे गृहस्थांनी नेहमीप्रमाणे दोनदा वाचली. तारण म्हणून तीच मुदत ठेव ठेवली.

पुढे सात-आठ महिन्यांनी, श्रावणात, ते घेवराचा डबा घेऊन शाखेत आले. मुलीने त्या दिवशी सकाळी पहिले एकटीचे उड्डाण केले होते. प्रशिक्षक विमानातून उतरून धावपट्टीच्या कडेला उभे राहिले होते आणि तिला एकच फेरी मारायला सांगितले होते.

“किती लांब गेली?” मी विचारले.

“कुठंच नाही, साहेब,” ते म्हणाले. “सात मिनिटं. जिथनं उडाली तिथंच उतरली.”

मग डबा माझ्याकडे सरकवून त्यांनी कर्जाचा पुढचा हप्ता संस्थेला केव्हा पाठवणार, याची चौकशी केली.